काळी तापते, मग पान का नाही?

मुलांनो, मार्च संपत आला की आमच्या मुरुमच्या (जि. धाराशिव) शिवारातली तूर, ज्वारी निघालेली असते. काळं रान उघडं पडतं. भर दुपारी त्या ढेकळांवर अनवाणी पाय टेकवत नाही. पण बांधावरच्या लिंबाचं पान हातात घ्या, ते काही भाजत नाही. ऊन तर दोघांवर एकच पडतं! मग असं का बरं?

आधी मातीचं पाहू. आपली काळी माती बेसाल्ट नावाच्या खडकाची झीज होऊन तयार झाली. काळी वस्तू आलेला प्रकाश फारसा परत पाठवत नाही, पोटात घेते. माती कोरडी असली की त्या प्रकाशाची सगळी उष्णताच होते. उन्हाळ्यात उघड्या जमिनीचं तापमान ५० अंश सेल्सिअसच्याही पुढे जातं. गावातली पांढरी माती मात्र बराच प्रकाश परत फेकते, म्हणून कमी तापते.

आता पान. पानातलं हरितद्रव्य तांबडा आणि निळा प्रकाश जास्त घेतं. हिरवा थोडा परत येतो, म्हणून पान हिरवं दिसतं. या प्रकाशाच्या बळावर पान हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी आणलेलं पाणी यांपासून साखर बनवतं. पण गंमत अशी, की या कामाला उन्हाच्या शंभर भागांतले एखाद-दोन भागच लागतात! उरलेल्यातलं काही परत जातं आणि पुष्कळसं पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. पाझरणारा माठ गार राहतो ना, तसंच हे. लिंबाची मुळं खोल जातात, म्हणून उन्हाळ्यातही त्याला पाणी मिळतं.

करून पाहा : दोन ताटल्यांत कोरडी काळी आणि पांढरी माती घ्या. तासभर उन्हात ठेवा आणि बोट लावून पाहा. लिंबाच्या पानांच्या डहाळीला प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा. तासा-दोन तासांनी आत काय दिसतं?

पालकांनाही एक सांगणं. सकाळची शाळा सुटते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं आणि मुलं शिवारातूनच घरी येतात. नांगरताना अडतो म्हणून बांधावरचा लिंब तोडाल, तर त्याच्यावर पडणारं ऊन जमिनीवर पडेल, आणि मुलांच्या डोक्यावरही. त्यापेक्षा येत्या पावसाळ्यात वाटेच्या कडेला एक लिंब लावा, आणि पाणी घालायचं काम मुलांकडे द्या.