सालिंग पुसा

मनिलाच्या आमच्या ऑफिसात लंच म्हणजे भात, आणि भाताबरोबर गप्पा. मागच्या आठवड्यात लहानपणच्या खेळांचा विषय निघाला आणि टीम लीडसकट सगळे एकदम आठ वर्षांचे झाले. 'तुंबांग प्रेसो' म्हणजे रस्त्यात रिकामा डबा ठेवायचा, लांबून चपला मारून तो पाडायचा आणि राज्य असलेला डबा उभा करून आपल्याला पकडायच्या आत आपली चप्पल पळवून आणायची. 'लुक्सोंग बाका'त वाकलेल्या 'गाई'वरून उड्या, दर फेरीला गाय थोडी उंच! 'लांगित-लुपा', म्हणजे आकाश-जमीन, ऐकून मी ओरडलेच. अहो, हे तर आमचं डोंगर का पाणी!

मग तो टिपिकल सुस्कारा. "हल्लीची पोरं कुठे खेळतात?" डोंबिवलीतही हाच ऐकलाय मी. गंमत म्हणजे सुस्कारे टाकणारे सगळे कॉन्डोत, विसाव्या मजल्यावर राहणारे. तिथून गल्ली कशी दिसणार?

एकटी शेजारच्या डेस्कवरची गप्प होती. हळूच म्हणाली, "माझ्यावर रोज राज्य यायचं. मला नाही आठवण येत." राज्याला इकडे 'ताया' म्हणतात.

शनिवारी तिच्याच भाचीच्या वाढदिवसाला केझोन सिटीत गेले. घर गल्लीत, आत रिक्षासारखी ट्रायसिकल जेमतेम शिरेल एवढ्या. केक कापून झाला आणि पोरांनी टमरेलाने पाणी ओतत रस्त्यावर रेघा काढल्या. लांब चौकोन, आडव्या पट्ट्या, मधून एक उभी. पाटी धरणाऱ्याचे पाय रेघेवरून हलता कामा नयेत, बाकीच्यांनी हुलकावण्या देत पलीकडे जाऊन परत यायचं. पातिंतेरो! शंभर टक्के आट्यापाट्या, अगदी सूरपाटीसकट. ट्रायसिकल आली की सगळे बाजूला. तोवर रेघ वाळलेली, की पुन्हा टमरेल.

मला राहवेना. "आते, या!" भाची म्हणाली. (इकडे थोरल्या बहिणीला 'आते' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा एकदम दहा वर्षांनी म्हातारी झाले होते.) मग पोरांची कुजबुज, आणि निकाल: ही 'सालिंग पुसा'. पुसा म्हणजे मांजर. खेळात घुसलेलं मांजर. खेळायचं, पळायचं, पण आउट झालं तरी धरायचं नाही.

लिंबूटिंबू हो, दुसरं काय!

तीनदा पकडली गेले, तीनदा पोरांनी हसून सोडून दिलं. बाजूला सहा वर्षांचा दुसरा सालिंग पुसा होता. तो मात्र चिडलेला. "मला मोजा!" म्हणून पाय आपटत होता. शेवटी ताईने मोजलं, आणि पुढच्याच मिनिटाला तो आउट. रडला नाही. ऐटीत जाऊन कट्ट्यावर बसला.

आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आहे, प्रोबेशनवर. चार महिने झाले, आकडे काही जमत नाहीयेत. त्याच्या चुका मीच गुपचूप दुरुस्त करून पाठवते. आपण किती चांगल्या, असंही वाटायचं मनातून. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

सोमवारी त्याचा अप्रेझल फॉर्म भरायचाय. त्याआधी त्याला कॉफीला बोलावलंय. काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये.