आटे वाचवा
१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. पेणजवळच्या धरमतर खाडीत, रोह्याच्या कुंडलिकेत फिरणाऱ्या होड्यांची इंजिनं उघडायचे हेच दिवस, आणि हमखास एखादा स्क्रू अडून बसतो. खाऱ्या पाण्यात स्टेनलेस स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमला भिडला की ॲल्युमिनियम झिजतं, त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. तिथे नुसता जोर लावला तर स्क्रूचं डोकंच तुटतं. त्यापेक्षा गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबा. सकाळी हलके ठोके द्या. पेट्रोलची टाकी दूर ठेवून भोवतालचा भाग तापवा. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, पकड सैलावते. आधी किंचित आवळा, मगच उलटा फिरवा. आणि बसवताना आट्यांना ग्रीस लावाच, ही कळकळीची विनंती.