मातृभाषेचा दाखला

अलीकडे धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत एका नव्या दाखल्याची मागणी होऊ लागली आहे. स्नानसंस्काराचा, दृढीकरणाचा, विवाहाचा दाखला मागावयास भाविक येतात, ते रीतसरच आहे. परंतु आता परदेशात इंग्रजी शिकविण्याची नोकरी शोधणारे आमचे तरुण-तरुणी आणि त्यांचे आईवडील येऊन म्हणतात, ‘फादर, हिची मातृभाषा इंग्रजी आहे, एवढे चर्चच्या कागदावर लिहून सहीशिक्का करून द्या.’ हा दाखला आम्ही देत नाही. त्याबद्दल आमच्यावर रोष होतो, ‘दुसरीकडे मिळतो’ असेही ऐकविले जाते, आणि तरुणांच्या ताटातली भाकर धर्मगुरूंनीच काढून घ्यावी काय, असा प्रश्न चारचौघांत विचारला जातो. प्रश्न जाहीरपणे विचारला गेला आहे, तेव्हा उत्तरही जाहीरपणेच देणे आम्हांस भाग आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आमच्या मुलांनी परदेशी जाऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. १९७३ नंतर तेलाच्या पैशाने आखाताची दारे उघडली, तेव्हापासून वसईतील, मुंबईच्या उपनगरांतील आणि गोव्यातील कितीतरी ख्रिस्ती घरांच्या भिंती त्या कमाईवर उभ्या राहिल्या आहेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ सालच्या ‘लाबोरेम एक्झर्चेन्स’ या परिपत्रकात, चांगल्या जीवनाच्या शोधात मायदेश सोडण्याचा मनुष्याचा हक्क मान्य केला आहे. मात्र त्याच ठिकाणी त्यांनी दोन गोष्टी बजावल्या आहेत. देशान्तर हे मायदेशाचे नुकसान असते, आणि परक्या मुलुखात काम करणाऱ्याची कामाच्या हक्कांबाबत तेथील नागरिकांपेक्षा कमी किंमत केली जाऊ नये. आमचा वाद याच दुसऱ्या गोष्टीसाठी आहे. जाणाऱ्याने आपली किंमत आधीच कमी करून जाऊ नये, एवढेच आमचे मागणे.

आता त्या दाखल्याचा व्यवहारी उपयोग तपासून पाहू. दक्षिण कोरियात परकीय भाषा शिकविणाऱ्यासाठी ‘ई-२’ नावाचा व्हिसा आहे. इंग्रजीच्या बाबतीत तो मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या ७ देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक करार २०१० च्या जानेवारीत अमलात आला. त्या करारान्वये पात्र भारतीयांना शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट खुली झाली, पण त्यासाठी पदवी आणि अध्यापनाची अधिकृत पात्रता लागते. चीनच्या नियमांचे सूत्र असे की, परकी भाषाशिक्षकाने शक्यतो आपल्या मातृभाषेचेच अध्यापन करावे आणि त्याच्याकडे पदवीही असावी. थायलंडमध्ये शाळेत शिकवावयाचे तर रीतसर व्हिसा, कामाचा परवाना आणि तेथील शिक्षक परिषदेची अनुमती लागते. यांपैकी कोणत्या ठिकाणी धर्मग्रामाच्या शिक्क्याला काही किंमत आहे? ज्याच्या हाती भारताचा पासपोर्ट आणि मुंबई विद्यापीठाची पदवी आहे, त्याची मातृभाषा आम्ही इंग्रजी लिहिली म्हणून सेऊलचा वा शांघायचा अधिकारी फसणार नाही. त्या कागदाचा उपयोग एकालाच होतो, तो म्हणजे दलाल. फाइल जाड दिसते, उमेदवाराला भरवसा वाटतो आणि पुढचा हप्ता वसूल होतो.

नोकरीच्या या पेठेत अन्याय आहे, हे आम्ही नाकारीत नाही. शास्तेच्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात यार्देनच्या उतारावरची हकिकत आहे. पळून येणाऱ्या प्रत्येकाला गिलादी पहारेकरी ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावीत. ‘श’च्या जागी ‘स’ आला की तो एफ्राइमी ठरे आणि तेथेच मारला जाई. असे ४२,००० लोक पडले. आजच्या पेठेतही अनेकदा शिक्षकाचे ज्ञान पाहिले जात नाही, उच्चार पाहिला जातो, आणि उच्चाराआधी चेहरा व पासपोर्ट पाहिला जातो. इंग्रजी शिकविणाऱ्यांची ‘टेसॉल’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने १९९१ साली आणि पुन्हा २००६ साली जाहीर निवेदन करून, जन्मजात इंग्रजी बोलणारा नाही एवढ्याच कारणाने शिक्षक नाकारण्याच्या प्रथेला विरोध केला. रॉबर्ट फिलिप्सन या अभ्यासकाने १९९२ च्या आपल्या ग्रंथात, जन्मभाषिक तोच उत्तम शिक्षक, ही समजूत भ्रामक असल्याचे दाखविले. म्हणजे त्या विद्येतले जाणकार तुमच्या बाजूने बोलत असताना तुम्ही मात्र खोटा दाखला काढून पहारेकऱ्याचाच न्याय मान्य करता! एफ्राइमी माणसाने ‘मी गिलादीच आहे’ अशी शपथ वाहावी, तसे हे झाले.

खरे पाहता आमच्या मुलीचे बळ कोठे आहे? तिने इंग्रजी पायरी पायरीने, चुकत चुकत मिळविली, यातच ते आहे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही इंग्रजीची उपपदे नाहीत. ती कोठे लावावीत आणि कोठे गाळावीत, हे शिकताना तिने शाळेत घाम गाळला आहे. थाई भाषेतही तशी उपपदे नाहीत, क्रियापदे काळाप्रमाणे बदलत नाहीत. तेव्हा बँकॉकच्या मुलाची चूक तिला लगेच उमगेल. इंग्रजीतले ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन वेगळे ध्वनी आपण एकाच ‘व’ने उच्चारतो, हे ज्याला शिक्षकाने दाखवून दिले आहे, तो अरबी मुलाच्या तोंडी ‘प’चा ‘ब’ का होतो हे समजून घेईल, त्याला हसणार नाही. जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्याला वाट ठाऊक असते, पण तिच्यावरचे खाचखळगे ठाऊक नसतात. आमच्या शिक्षिकेला ते पायाखालचे आहेत. ज्या मराठीमुळे हे शहाणपण तिला लाभले, तीच पुसून टाकण्याचा दाखला ती मागते, याला काय म्हणावे?

आणि मराठी पुसावयाची ती कोणापुढे? फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले. त्यांची मातृभाषा इंग्रजी होती, त्याविषयी कोणाच्या दाखल्याची गरज नव्हती. पण तिच्या जोरावर त्यांनी साष्टीच्या लोकांत मान मिळविला नाही. ते या मातीची भाषा शिकले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठीत छापले गेले. आमच्याच काळात, २०२० साली, उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. जे सन्मानाने आमच्या पदरी आहे, ते आम्ही चोरीच्या मालासारखे लपवावे काय? घरात कादोडी वा वाडवळी बोलणारी आई स्वयंपाकघरात उभी असता, लेकीने मातृभाषा इंग्रजी असल्याचा कागद मागावा, यात आठव्या आज्ञेतली खोटी साक्ष तर आहेच, पण चौथ्या आज्ञेतला आईचा मानही गेला.

ज्या कुटुंबांत दोन-तीन पिढ्या खरोखरच इंग्रजी बोलली जाते, त्यांच्याविषयी हे लिहिलेले नाही. मुंबईच्या परिसरात अशी ईस्ट इंडियन आणि गोवेकर घरे आहेत. त्यांनी सत्य सांगावे, ते सत्यच आहे. आमचा आक्षेप आहे तो सोयीपुरत्या बदललेल्या आईवर.

आता दलालांविषयी. त्यांची पद्धत ठरलेली आहे. घरबसल्या १२० तासांचे प्रमाणपत्र, ‘उच्चार सुधारणा’ वर्ग, आणि ‘आधी पर्यटक व्हिसावर चला, कामाचा परवाना तिथे गेल्यावर होईल’ हे आश्वासन. पर्यटक व्हिसावर शिकविणे हा त्या देशात गुन्हा असतो, आणि पकडला जातो तो शिक्षक, दलाल नव्हे. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या प्रमाणपत्रातही सुमारे १२० तासच असतात, पण त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांपुढे, परीक्षकाच्या देखत, ६ तास शिकवून दाखवावे लागते. ज्या प्रमाणपत्रासाठी एकाही मुलासमोर उभे राहावे लागले नाही, त्याला शिक्षकाचे प्रमाणपत्र म्हणू नये. नोकरीचे आमिष किती दूर नेते, हेही ध्यानी घ्यावे. थायलंडमध्ये कामाच्या आशेने गेलेल्या भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडी भागात नेऊन सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपण्यात आले. २०२५ च्या मार्चमध्ये अशा पाचशेहून अधिक जणांना सरकारने वायुसेनेच्या विमानांनी परत आणले. ते शिक्षक म्हणून गेले होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांना नेणारी वाट मात्र हीच होती, अनोळखी मध्यस्थ आणि अपुरी कागदपत्रे.

तेव्हा चांगली नोकरी ओळखावी कशी? याकोबाने लाबानाकडे राहेलीसाठी सात वर्षे राबण्याचा करार केला आणि पहाटे पाहिले तर पदरात लेआ पडलेली. पुढे मजुरी दहा वेळा बदलली गेली, अशी त्याची तक्रार आहे. करार तोंडी होता, आणि मालक नातलग होता! म्हणून आमचे सांगणे असे की, पैसे देण्यापूर्वी करार लेखी मागा. नोकरी देणारी शाळा कोणती, व्हिसा कोणत्या प्रकारचा, आठवड्याचे तास किती, सुट्टीचा पगार मिळतो की नाही, राहण्याची खोली एकट्याची की चौघींची, परतीचे तिकीट कोणाचे, हे त्यात असावे. एकूण पगाराच्या आकड्याला भुलू नका, मूळ वेतन विचारा. संयुक्त अरब अमिरातीत सेवासमाप्तीचे उपदान मूळ वेतनावरच मोजतात. पहिल्या ५ वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांचे वेतन, असा त्याचा हिशेब आहे. त्याच देशाच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करण्यास आणि त्याची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई केली आहे. आपल्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये परदेशी भरती करणाऱ्याला केंद्र सरकारची नोंदणी लागते, आणि नियमाने तो उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील कर यांहून अधिक सेवाशुल्क घेऊ शकत नाही. दोन-तीन लाख मागणाऱ्याला हा एकच आकडा ऐकवावा. आईच्या पाटल्या गहाण टाकण्याआधी तर नक्कीच ऐकवावा.

पात्रतेचा मार्ग लांबचा आहे, पण तो कोणाच्या उपकाराचा नाही. बी.एड. करावे, दोन-तीन वर्षे येथल्या वर्गात शिकवावे. हैदराबादला १९५८ साली स्थापन झालेली आणि आज इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, तेथील अध्यापनाचे अभ्यासक्रम पाहावेत. आखातातल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा अशाच शिक्षकांना घेतात. त्यांचे पगार ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांहून कमी असतात, हे आधीच समजून जावे. आणखी एक गोष्ट. इंग्लंडने २०२३ च्या फेब्रुवारीत भारतासह ९ देशांच्या शिक्षकांना तेथील शिक्षक-दर्जासाठी अर्जाची वाट खुली केली, तेव्हा ती गणित, विज्ञान आणि परभाषा शिकविणाऱ्यांसाठी होती. इंग्रजांना आमच्याकडून इंग्रजी नको होते, गणित हवे होते! यातला बोध आमच्या पालकांनी घ्यावा.

शेवटी एक कटू गोष्ट. ही सारी धावपळ कशापायी चालते? महाराष्ट्रात शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली वाढले, तेव्हा ते प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. विनाअनुदानित शाळांत कित्येकांना याहूनही कमी मिळते, आणि तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना मे महिन्याची सुट्टी उपासाची जाते. ख्रिस्ती संस्थाचालकांनी आपण यात नाही असे छातीवर हात ठेवून सांगावे. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकापासून ख्रिस्तसभा न्याय्य वेतनाचा उच्चार करीत आली आहे. तो प्रवचनात ठेवून पगारपत्रकात विसरावयाचा, आणि मग तरुण शिक्षक बँकॉकला गेला म्हणून मराठीच्या नावाने गळा काढावयाचा, हा व्यवहार प्रामाणिक नाही.

म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत. परदेशी निघालेल्याने आपला करार सही करण्यापूर्वी धर्मग्रामात आणावा. प्रत्येक धर्मग्रामात आखातात नोकरी करून आलेली जाणती माणसे आहेत आणि वकीलही आहेत, त्यांनी तो बसून वाचून द्यावा. आणि आमच्या शाळांच्या चालकांनी येत्या जूनपूर्वी आपल्या शिक्षकांची पगारपत्रके न्यायाच्या तागडीत घालून पाहावीत. चांगल्या वर्तनाचा, धर्मशिक्षणाच्या वर्गात केलेल्या सेवेचा, मुलांवर असलेल्या मायेचा दाखला आम्ही आनंदाने देऊ, आणि तो इंग्रजीत देऊ. मातृभाषेच्या रकान्यात मात्र मराठीच लिहू.