दोन रुपयांचा आक्षेप



दिवाळीनंतर आमच्या वस्तीत नोटिसा आल्या. वाचणार कोण? वस्ती रिकामी. माणसं उसाच्या फडात. नोटिशीवाला कडी घातलेल्या दारांच्या फटीत कागद खोचून निघून गेला. मी रात्रपाळ्या संपवून सुट्टीला गावी गेलो तेव्हा ते माझ्या हाती लागले. मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तुटलेला धागा सांधणारा माणूस. धागा कुठं तुटला ते शोधायची डोळ्यांना सवय.

आयचं नाव. 'स्थलांतरित' म्हणून मतदारयादीतून काढावं, असा आक्षेप. चुलतीचं नाव. शेजारच्या तात्याचं नाव. सगळी आमच्याच वस्तीतली, सगळी एकाच दिवशी. आक्षेप घेणारा कोण? वस्तीतलाच एक म्हातारा. तहसिलीत जाऊन अर्ज पाहिले, तर खाली झोकदार सही. या म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात सही केलेली नाही. तो अंगठा लावतो. विचारलं तर म्हणाला, "लेका, फारम म्हंजे काय तेबी मला ठावं न्हाई."

आयला फोन केला. ती म्हणाली, "मी मेले का काय रं? मग माझं नाव कशापायी काढत्यात?"

तिला उत्तर द्यायचं म्हणून मी कायदा वाचला. मी कॉलेजात गेलो नाही. पण कायदा म्हणजे वेद नव्हे. ऐकला म्हणून कानात शिसं ओतायची आता कुणाची छाती नाही.

तर ऐका. दुसऱ्याच्या मतावर बोट ठेवायच्या दोन जागा आहेत.

एक, मतदान केंद्र. १९६१ च्या निवडणूक नियमांतला ३६ वा नियम. उमेदवाराचा पोलिंग एजंट दोन रुपये भरतो आणि म्हणतो, हा माणूस तो नव्हेच. दोन रुपये! चहासुद्धा येत नाही त्यात. पण तिथं निदान आक्षेप घेणाऱ्याला समोर उभं राहावं लागतं. पुरावा आधी त्यानं द्यायचा. आक्षेप सिद्ध झाला नाही तर आपल्याला मत टाकू द्यावंच लागतं, आणि आक्षेप खोडसाळ ठरला तर त्याचे दोन रुपये सरकारजमा. तिथं वाद फक्त ओळखीचा. यादीत नावाचं एखादं अक्षर चुकलं म्हणून परत पाठवता येत नाही. छपाईच्या चुकीकडे दुर्लक्ष करा, असं ३५ वा नियम अधिकाऱ्यालाच सांगतो.

दुसरी जागा जास्त घातकी. ती म्हणजे यादी. तिथं फॉर्म नंबर ७ भरायचा. दोन रुपयेही लागत नाहीत. त्याच मतदारसंघाचा मतदार असलं की झालं. तिथं गाठ चोराशी नसते, कागदाशी असते. मतदानाच्या दिवशी तुम्ही रांगेत उभे राहता आणि तुमचं नावच नसतं. भांडणार कुणाशी?

आणि हे फक्त आमच्या वस्तीतलं रडगाणं नव्हे. अक्कलकोटच्या पलीकडे, कलबुर्गी जिल्ह्यात आळंद मतदारसंघ आहे. २०२३ च्या विधानसभेआधी तिथं नावं काढण्यासाठी ६०१८ अर्ज ऑनलाइन आले. तपासले तर खरे किती? २४. बाकी ५९९४ खोटे. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुन्हा नोंदवला गेला. म्हणजे झोकदार सही करायचेही कष्ट आता उरले नाहीत.

बिहारचं घ्या. २०२५ च्या विशेष फेरतपासणीत १ ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावं गळाली. ती कोणाची आणि का गळाली, हे जाहीर करा, असं सुप्रीम कोर्टाला १४ ऑगस्टला सांगावं लागलं. सांगावं लागलं, हे ध्यानात ठेवा.

कुणी शहाणा म्हणेल, मग मेलेल्यांची नावं ठेवायची का? दुबार नावं ठेवायची का? नाही बाबा. मेलेल्याचं नाव काढ. पण जित्याला मेला म्हणणाऱ्यानं पुरावा द्यावा, जित्यानं का द्यावा? सुनावणीला जायचं तर आयची त्या दिवसाची मजुरी बुडते, मुकादमाची उचल अंगावर राहते, वर एस.टी.चं भाडं. खोटा अर्ज टाकणाऱ्याचं काय बुडतं? हाच तर सगळा डाव आहे. एकाला फुकट, दुसऱ्याला पोटाला चिमटा.

पण कायदा मुका नाही. आपण बहिरे राहिलो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २० वं कलम सांगतं की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणसाचं राहणं सुटत नाही. ऊसतोड्या सहा महिने फडात गेला म्हणून तो गावाचा राहत नाही काय? राहतो! २२ वं कलम सांगतं, हलला किंवा अपात्र म्हणून नाव काढण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्या. ३१ वं कलम खोटं निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद सांगतं. ३२ वं कलम कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला कमीत कमी तीन महिने. निकाल विरुद्ध गेला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्याकडे अपील. १९९५ साली लाल बाबू हुसेन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, आधीच्या यादीत नाव आहे याला वजन द्या, संशय कशावरून ते त्या माणसाला सांगा, त्याचं ऐका.

आणि आपलं हत्यार, अॅट्रॉसिटीचा कायदा. ३(१)(क्यू) : सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन त्याच्या हातून दलित-आदिवासीला इजा किंवा त्रास घडवणं हा गुन्हा आहे. माझं म्हणणं असं की सवर्णानं आपल्या वस्तीवर टाकलेला खोटा फॉर्म ७ यातच बसतो. वकील मित्रांनी हे लढवून बघावं. आजवर का लढवलं नाही, हेही सांगावं.

हे मत आपल्याला कुणी ओवाळणीत घातलेलं नाही. इंग्रजाच्या राज्यात मत जमीनवाल्याचं, करवाल्याचं होतं. बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढं आपल्या माणसांसाठी मत मागितलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढं सगळ्या प्रौढांना मत मागितलं. आणि जून १९४९ मध्ये घटना समितीत त्यांनी इशारा दिला की काही प्रांतांत परक्या वंशाच्या, संस्कृतीच्या, भाषेच्या माणसांना यादीबाहेर ठेवलं जातंय. म्हणून यादीचं काम प्रांतांच्या हातून काढून आयोगाकडे द्यायचं त्यांनी ठरवलं. यादीतच गळा कापला जातो, हे त्यांना तेव्हाच दिसत होतं.

आपल्याला दिसतं का? चौदा एप्रिलला आपण बॅनर लावतो, डीजे लावतो. बॅनरवर आपली नावं मोठ्या टायपात. यादीत आहेत का, कुणी बघितलं? शाखेत कविता वाचणारे आपण, वस्तीची यादी कधी मोठ्यानं वाचली? मी नव्हती वाचली. हा आरोप आधी माझ्यावर.

सुनावणीला मी म्हाताऱ्याला नेलं. कारकून म्हणाला, "तुमची माणसं इथं राहतातच कुठं?" म्हाताऱ्यानं टेबलावरचं शाईपॅड ओढलं, अंगठा बुडवला आणि त्या झोकदार सहीशेजारी ठेवला. खोली गप झाली. आयचं नाव राहिलं. चुलतीचं, तात्याचंही.

पण दोन घरांचे कागद वाऱ्यानं उडाले होते. त्यांची नावं गेली. अपील टाकलंय.

आता काम सांगतो. प्रत्येक वस्तीत दोघं नेमा. यादी आली की चौकात वाचा, नावानं हाक मारा. ज्याचं गळालं त्याचा अर्ज त्याच रात्री भरा. फडात गेलेल्यांच्या नोटिसा कुणी घ्यायच्या ते आधीच ठरवा. प्रत्येक आक्षेपाची नक्कल मागा, आक्षेपवाल्याला समोर बोलवा. अर्ज खोटा निघाला तर नाव वाचलं म्हणून पेढे वाटू नका, गुन्हा नोंदवा.

गावकुसाबाहेर ठेवलं, सोसलं. यादीबाहेर ठेवाल, सोसणार नाही.

जयभीम!