सोन्याच्या पत्र्याखालची भिंत

शिखांचा इतिहास आपल्याकडे दोन उड्यांत उरकला जातो. पहिली उडी नांदेडला गुरू गोविंदसिंगांची आज्ञा घेऊन पंजाबात गेलेल्या बंदा बहादूरवर. १७१० मध्ये त्यानं सरहिंद घेतलं आणि १७१६ मध्ये दिल्लीत हाल हाल करून त्याला मारण्यात आलं. दुसरी उडी थेट १७९९ च्या लाहोरात, महाराजा रणजितसिंगांपाशी. मधली त्र्याऐंशी वर्षं ‘मिसलींची बेबंदशाही’ एवढ्या दोन शब्दांत संपतात; मिसल म्हणजे एकेका शीख सरदाराची लढाऊ फळी.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण जोरानिशी मांडू. मिसलदार म्हणजे घोड्यावर बसलेले लुटारू. त्यांची ‘राखी’ म्हणजे निव्वळ खंडणी. १७६४ मध्ये सरहिंद पुन्हा पडल्यावर शीख स्वार रात्रंदिवस दौडत सुटले आणि वाटेतल्या एकेका गावात आपला कमरपट्टा, म्यान, अंगरखा टाकून ते गाव आपलं म्हणू लागले, ही कथा पुरावा म्हणून हमखास सांगितली जाते. पुढे हेच सरदार एकमेकांच्या उरावर बसले. शेवटी रणजितसिंग आले, त्यांनी सगळ्यांना वळण लावलं, राज्य उभं केलं आणि सुवर्णमंदिर बांधलं.

शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करू, कारण तो धडधडीत चुकीचा आहे. आधीच उभ्या असलेल्या मंदिरावर रणजितसिंगांनी सोनं आणि संगमरवर चढवला, मंदिर बांधलं नाही. एप्रिल १७६२ मध्ये अहमदशहा अब्दालीनं हरमंदिर साहिब, म्हणजे हेच मंदिर, दारू ठासून उडवलं आणि सरोवर ढिगाऱ्यानं बुजवलं. आज दिसते ती वास्तू १७६४ नंतर मिसलदारांनी पायापासून उभारली. जस्सासिंग अहलुवालिया त्यात पुढे होते. सरहिंदच्या लुटीतला वाटा या कामाला गेला आणि देसराज नावाच्या विश्वासू माणसाकडे बांधकामाचा पैसा सोपवला गेला. लुटारूंच्या टोळ्या लूट वाटून घेतात, कारभारी नेमून देऊळ बांधत नाहीत. मुख्य इमारत उभी राहिली तेव्हा रणजितसिंग जन्मलेही नव्हते.

आता बेबंदशाहीकडे वळू. बैसाखी आणि दिवाळी या दोन सणांना अमृतसरला अकाल तख्तासमोर ‘सरबत खालसा’ भरे. गुरू ग्रंथ साहिबांच्या साक्षीनं तिथं जो ठराव होई तो ‘गुरुमता’, आणि तो सगळ्या सरदारांवर बंधनकारक मानला जाई. १७४८ च्या बैसाखीला अशाच सभेत ‘दल खालसा’ या एकत्रित शीख फौजेची नवी घडी बसली आणि नेतृत्व जस्सासिंग अहलुवालियांकडे आलं. हे कलाल घराण्यातले. दुसरे नामवंत जस्सासिंग, रामगढिया, सुतार जातीचे. अहलुवालियांच्या आधीचे नेते नवाब कपूरसिंग. त्यांची नवाबीही मजेशीर आहे. १७३३ मध्ये लाहोरचा सुभेदार जकारियाखान यानं शिखांना दाबता येत नाही म्हणून नवाबकी आणि जहागीर देऊ केली. ती घ्यायला कोणी पुढे होईना. अखेर संगतीची सेवा करणाऱ्या कपूरसिंगांच्या गळ्यात ती पडली आणि परंपरा सांगते की घोड्यांची देखभाल सोडायला लागू नये, या अटीवरच त्यांनी ती घेतली. १७५३ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची मिसल पुतण्याकडे गेली. दलाचं नेतृत्व मात्र पुतण्याकडे गेलं नाही. काका-पुतण्यांच्या तंट्यांनी होरपळलेल्या मराठी वाचकाला याचं मोल वेगळं सांगायला नको.

राखीबद्दलही दोन शब्द. उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा द्यायचा, त्या बदल्यात गावाला लुटीपासून संरक्षण मिळायचं. चौथाईत राजकारणाचं शास्त्र शोधणाऱ्या आपण तरी राखीला खंडणी म्हणताना जरा थबकावं.

आणि पानिपत? मराठीत उत्तरेचा इतिहास १४ जानेवारी १७६१ ला काळोखात बुडतो, तो महादजी शिंद्यांबरोबर पुन्हा उजळतो. १७५८ मध्ये राघोबादादांनी लाहोर घेतलं याचा अभिमान रास्तच आहे. पण त्याआधी सरहिंदच्या लढाईत अदिना बेगबरोबर शीखही होते, हे आपण सांगत नाही. मराठ्यांनी पंजाब सालिना पंचाहत्तर लाखांच्या बोलीवर त्याच अदिना बेगच्या हवाली केला. तो काही महिन्यांत वारला, पुढच्याच वर्षी अब्दाली परतला आणि लाहोर आपल्या हातून कायमचं गेलं. पानिपतानंतर अब्दाली हिंदुस्थानात पुन्हा पुन्हा उतरला तो मराठ्यांसाठी नव्हे, शिखांसाठी. ५ फेब्रुवारी १७६२ रोजी मलेरकोटल्याजवळ कूप इथं त्यानं बायका-मुलांसह हजारो शीख एका दिवसात कापले. ‘वड्डा घल्लूघारा’ म्हणतात तो हाच. त्यानंतर हरमंदिर उडवलं. तरी त्याच वर्षी दिवाळीला शीख अमृतसरला जमलेच. पावणेदोन वर्षांत सरहिंद त्यांच्याकडे आलं, १७६५ मध्ये लाहोरही. अब्दालीची वाट पंजाबात अडवली ती या ‘बेबंद’ लोकांनी.

साक्षीदार शत्रुपक्षाचा हवा असेल तर काझी नूर मुहंमद आहे. १७६४-६५ च्या स्वारीत तो अब्दालीच्या फौजेबरोबर आला होता. आपल्या फारसी ‘जंगनामा’त तो शिखांना जागोजाग कुत्रे म्हणतो. पण हे लोक पळणाऱ्याला मारत नाहीत, बाईच्या अंगावरचे दागिने ओरबाडत नाहीत, हेही त्यालाच लिहावं लागलं.

भाऊबंदकीचा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. अब्दालीचा धाक संपल्यावर भंगी, कन्हैया, रामगढिया, सुकरचकिया एकमेकांवर तुटून पडले. रामगढियांना काही वर्षं पंजाबाबाहेर राहावं लागलं. पतियाळाच्या अमरसिंगानं तर अब्दालीकडूनच राजेपणाचा किताब घेतला. पण याच काळात, १७८३ मध्ये, करोडसिंघिया मिसलीचे बघेलसिंग फौज घेऊन दिल्लीत शिरले. त्यांनी बादशहाकडून तख्त मागितलं नाही, गुरूंच्या आठवणींच्या जागा मागितल्या. शहराच्या जकातीत रुपयामागे सहा आणे मिळवून त्यातून सीसगंज, रकाबगंज, बंगला साहिब यांच्यासारखे गुरुद्वारे बांधले आणि काम झाल्यावर पंजाबात परत गेले. दिल्लीच्या आजच्या नकाशावर अठराव्या शतकातल्या किती विजेत्यांची अशी खूण उरली आहे?

रणजितसिंग थोर होतेच. पण ते आयत्या पायावर उभे राहिले. आजोबा चडतसिंगांची सुकरचकिया मिसल वारशानं मिळालेली, तर लाहोर घेताना शेजारी सासू सदाकौर, कन्हैया मिसलीची फौज घेऊन. पुढे त्याच सदाकौरला त्यांनी कैदेत टाकलं. १८०५ मध्ये लॉर्ड लेकच्या फौजा पाठीवर घेऊन यशवंतराव होळकर अमृतसरला पोचले. त्यांना साथ द्यायची की नाही हे ठरवायला सरबत खालसा भरला. होळकरांना साथ मिळाली नाही. रणजितसिंगांनी तशी सभा पुन्हा बोलावली नाही. नाणी गुरूंच्या नावानं पडत राहिली, सरकार खालसाचं म्हणवलं गेलं, निर्णय मात्र एका माणसाचा झाला.

याची किंमत १८३९ नंतर चुकवावी लागली. १७६२ मध्ये हजारो माणसं गेली तरी पंथ काही महिन्यांत उभा राहिला, कारण कापायला एकच डोकं नव्हतं. रणजितसिंग गेले आणि दहा वर्षांत, फिरंगी कवायतीत तयार झालेली फौज हाताशी असूनही, राज्य बुडालं. इंग्रज म्हणजे अब्दाली नव्हे, त्यांचं बळ वेगळं होतं, हे मान्य. पण इंग्रज सतलजेपलीकडे वाट पाहत असतानाच लाहोर दरबारात खून पडत होते, खुद्द महाराजा शेरसिंगांचाही झाला, आणि हे थांबवू शकेल अशी कुठलीही सभा उरलेली नव्हती. तेव्हा पलटणींनी आपापले पंच निवडले आणि खालसाच्या नावानं हुकूम सोडायला सुरुवात केली. मिसलदारांच्या नातवंडांनी आजोबांची रीत उचलली खरी, पण १८४५ च्या डिसेंबरात त्यांच्यावर इंग्रजांशी लढायची पाळी आली ती दरबारानंच नेमलेल्या लालसिंग आणि तेजसिंग यांच्या हाताखाली, आणि त्या दोघांचं इंग्रजांशी आधीच संधान होतं.