दुसरी किल्ली

बँकेत सारी उमेद घालवलेला माणूस पैशाच्या बाबतीत फसणार नाही, अशी लोकांची समजूत असते. माझीही होती. २०२२ सालच्या मे महिन्यात एका संध्याकाळी ती दहा-बारा मिनिटांत संपली आणि तिच्याबरोबर खात्यातले त्र्याहत्तर हजार रुपयेही गेले.

झाले ते असे. मोबाइलवर संदेश आला : आपल्या मागील महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित करण्यात येईल, खालील क्रमांकावर अधिकाऱ्याशी बोलावे. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना या धमकीचा अर्थ सांगायला नको. रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. २९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र ज्या गावाच्या अंगणात धूर सोडत उभे आहे, त्या गावात एक निवृत्त माणूस वीज जाईल या भीतीने फोन फिरवतो, ही गंमत मला फार उशिरा कळली. पलीकडचा माणूस अत्यंत सभ्य होता. 'सर, नोंद अपडेट करायला फक्त दहा रुपये भरा,' म्हणाला. त्यासाठी एक अॅप उतरवून घ्यायला लावले. त्या अॅपमुळे माझ्या फोनचा पडदा त्याला तिकडे बसून दिसू लागला. मी टाइप केलेला पासवर्ड, बँकेने पाठवलेला सहा आकडी ओटीपी, सगळे तो वाचत होता. मी त्याला काहीही 'सांगितले' नाही. दाखवले मात्र सगळे.

कादंबरीकार म्हणून त्याला दाद द्यावीशी वाटते. वाचकाला विचार करायला वेळ मिळू नये यासाठी आम्ही प्रकरणाच्या शेवटी जे करतो, तेच त्याने 'साडेनऊ' या एका शब्दात केले होते.

आता थोडे मागे जातो. १९८८ साली माझी बदली गडचिरोली जिल्ह्यात झाली. जिल्हा स्थापन होऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. आलापल्लीच्या पुढच्या एका शाखेत मी रुजू झालो. पावसाळ्यात नाले भरले की दोन-दोन दिवस टपाल नाही, आणि टेलिफोन असून नसल्यासारखा. पण त्या शाखेची तिजोरी मी एकटा उघडू शकत नव्हतो. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोन्ही फिरल्याशिवाय दार हलत नसे. व्हाउचर एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासून सही करायची. तारेने पैसे पाठवण्याचा हुकूम आला, तर तारेत एक सांकेतिक आकडा असे. कुलूपबंद ठेवलेल्या पुस्तकावरून तो ताडून पाहायचा, जुळला नाही तर समोरचा गिऱ्हाईक कितीही ओरडला तरी पैसा द्यायचा नाही. आम्ही या पद्धतीला वैतागत असू. तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदार रोकड न्यायला काउंटरवर ताटकळत आणि आमच्या नावाने बोटे मोडत. पण त्या वैतागातच सुरक्षितता होती. बँकेने माझ्यावर अविश्वास दाखवला होता असे नव्हे. कोणत्याही एका माणसाच्या एका क्षणावर विसंबायचे नाही, इतकेच तिने ठरवले होते.

मोबाइलने काय केले, तर दोन्ही किल्ल्या एकाच माणसाच्या एकाच अंगठ्यावर आणून ठेवल्या. तो माणूस घाबरलेला असो, झोपेतून उठलेला असो, की माझ्यासारखा उकाड्याने हैराण झालेला असो. आणि चोरी झाली की म्हणायचे, तुम्ही जागरूक नव्हता.

मोठ्या संस्था तरी कुठे सुटल्या? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला. ११ तारखेला, म्हणजे दुसऱ्या शनिवारी, बँक बंद असताना अठ्ठावीस देशांतल्या एटीएम यंत्रांतून पैसे काढले गेले आणि सोमवारी आणखी एक रक्कम हाँगकाँगला गेली. मिळून चौऱ्याण्णव कोटींहून अधिक. एटीएम यंत्र पैसे देण्याआधी बँकेला विचारते, 'देऊ का?' या प्रश्नाला 'दे' असे उत्तर देणारी खोटी यंत्रणाच चोरांनी मध्ये बसवली होती. म्हणजे तपासणाराच बनावट. आमच्या चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेतही फेब्रुवारी २०२५ मध्ये खातेदारांनी एकाला पाठवलेला पैसा भलत्याच खात्यांत वळवला गेला. रक्कम साडेतीन कोटींच्या वर होती. यात त्या खातेदारांनी कुठे निष्काळजीपणा केला होता?

पण मला सर्वांत जास्त चिंता वाटते ती ना माझी, ना बँकांची. माझ्या काळात निरक्षर खातेदाराला पैसे काढायला पासबुक घेऊन स्वतः यावे लागे, अंगठा साक्षीदारासमोर उमटवला जाई आणि आम्ही पासबुकावरच्या फोटोशी चेहरा ताडून पाहत असू. आता गावातच बँक मित्र यंत्र घेऊन बसतो, आधार क्रमांक टाकतो, बोट टेकवायला लावतो. सोय मोठी आहे, नाकारत नाही. भामरागडच्या आतल्या गावातून मजुरीचे हजार रुपये काढायला दिवस मोडावा लागत होता, तो वाचला. बहुतेक बँक मित्र प्रामाणिकच असतात. पण एखादा नसला तर? धानोरा तालुक्यातली एक म्हातारी मला सांगत होती, "अंगठा लागला नाही म्हने जी, दोनदा लावाले लावलन." पहिल्यांदा अंगठा लागला होता. यंत्रातून निघालेली पावती तिला वाचता येत नव्हती, आणि यंत्र बोलले असते तरी मराठीत किंवा हिंदीत बोलले असते. तिची भाषा गोंडी. तिच्याकडे फोन नाही, त्यामुळे संदेश आला तो नातवाच्या फोनवर, आणि नातू तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तिला जागरूकतेचा सल्ला कोण देणार, आणि कोणत्या तोंडाने? आधारमधील बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे, पण ती सोय वापरायची तरी फोन लागतो, आणि ठसा कुलूपबंद केला की तिची मजुरीही कुलूपबंद.

व्यापाऱ्यांचे थोडे बरे आहे, कारण त्यांच्याकडे अजून दिवाणजी आहेत. मूलच्या एका राइस मिलवाल्या मित्राला बारदाना पुरवणाऱ्याच्या नावाने संदेश आला, 'ऑडिट चालू आहे, या वेळी रक्कम नव्या खात्यात टाका.' संदेशावर त्याच पेढीचे बोधचिन्ह, तीच भाषा. मालक पैसे पाठवायला निघाला होता. दिवाणजींनी त्या संदेशातला नंबर न लावता, जुन्या वहीतला नंबर शोधून फोन लावला. खाते बदललेलेच नव्हते. अँटी-व्हायरस, नवा पासवर्ड, संगणकाची रोजची नक्कल वेगळी काढून ठेवणे, हे सगळे करावेच. पण चार लाख वाचवले ते तेलकट पुठ्ठ्याच्या वहीने आणि मालकाला 'थांबा शेठ' म्हणू शकणाऱ्या माणसाने.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती आपल्याच पोरांविषयी आहे. चोरलेला पैसा कुठल्या तरी खात्यात जावाच लागतो. त्यासाठी गावोगाव बेकार मुलांना गाठून, चार-पाच हजार रुपये देऊन त्यांचे खाते, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने घेतले जाते. मुलाला वाटते, आपले काय जाते? पोलिस दारात येतात तेव्हा कागदावर नाव त्याचेच असते.

माझ्या त्र्याहत्तर हजारांकडे परत येतो, कारण खरी चूक मी पैसे गेल्यानंतर केली. १९३० हा क्रमांक मला ठाऊक होता. या क्रमांकावर तातडीने कळवले तर पुढच्या खात्यात पोचलेला पैसा गोठवता येतो, तासांचा हिशेब असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातली तरतूदही मला पाठ होती : चूक ना बँकेची ना खातेदाराची, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर खातेदारावर भार नाही. खातेदाराने स्वतःच गुपित उघड केले असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, नंतरचे बँकेचे. हे सगळे माहीत असूनही मी पाच दिवस गप्प बसलो. लाज वाटत होती. ज्या शाखेत मी साहेब होतो, तिथल्या तरुण पोरांसमोर कोणत्या तोंडाने उभा राहू? सहाव्या दिवशी गेलो. पोरगा चांगला होता, हसला नाही. फक्त म्हणाला, "सर, त्याच रात्री यायला हवं होतं."

त्याच दिवशी घरी सांगितले. बायकोने सगळे ऐकून घेतले, उठून कपाटाच्या खणातून एक कागद काढला आणि समोर ठेवला. विजेच्या बिलाची पावती. "अहो, मी भरलं होतं की. विचारायचं तरी होतं मला." त्या संध्याकाळी ती शेजारच्या खोलीत भाजी निवडत बसली होती.

बँकांकडे माझी मागणी आहे ती याच संदर्भात. साठीच्या पुढच्या खातेदाराला, त्याची इच्छा असेल तर, दोन किल्ल्यांची सोय द्या. नव्या खात्यात ठरावीक रकमेच्या वर पैसे जायचे असतील, तर त्याने आधी नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्या माणसाचा होकार लागेल, किंवा पैसे तासभर थांबतील. मला घाई नाही. घाई चोराला असते. आणि धानोऱ्याच्या त्या म्हातारीसाठी यंत्राला गोंडी शिकवा, दिलेली रक्कम मोठ्याने बोलायला लावा, रांगेतल्या चार बायकांना ऐकू जाईल इतकी मोठ्याने.

आम्ही घरापुरता तोडगा काढला आहे. पैशाचा कोणताही संदेश आला की ज्याचा फोन त्याने तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा. परवा बायकोला 'सीबीआय'मधून व्हिडिओ कॉल आला, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे म्हणून. अशी अटक आपल्या कायद्यात कुठेच नाही, हे तिला माहीत होते. तरी हात थरथरत होते. तिने फोन माझ्याकडे दिला, मी तो बंद केला आणि मग १९३० ला लावला. लाइन लागायला वेळ लागला. तोवर तिने चहा टाकला.