या वयात ही तपासणी कशाला?

सत्तरीच्या आजोबांना एचआयव्हीची चाचणी सुचवली, की बहुतेक कुटुंबांत हाच प्रश्न उमटतो. तो स्वाभाविक आहे. पण त्यामुळेच निदान लांबते.

वाचकहो, सतत घटणारे वजन, महिनाभर रेंगाळणारा ताप किंवा जुलाब, तोंडात वारंवार येणारा पांढरा थर, पुन्हा उठणारी नागीण या तक्रारी उतारवयात इतर कारणांनीही होतात. म्हणूनच ‘वय झाले’ म्हणून त्या सोडून दिल्या जातात. हा विषाणू मात्र शरीरात आठ-दहा वर्षेही लक्षणांविना राहू शकतो. क्षयरोगाच्या रुग्णांना तर ही चाचणी नेमाने सुचवली जाते. तेव्हा तिचा अर्थ चारित्र्यावर शंका असा घेऊ नये.

‘बाकीच्या रक्ततपासणीबरोबर तीही उरकून घ्या, बाबांना सांगू नका,’ अशी विनंती मुले प्रेमापोटी करतात. ती मान्य करता येत नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार चाचणीपूर्वी समुपदेशन आणि समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक आहे. निकालही गोपनीय राहतो. ज्येष्ठ व्यक्ती निर्णय घेण्यास सक्षम असेल, तर संमती तिचीच हवी. म्हणून डॉक्टरांनी आपणास थोडा वेळ बाहेर बसण्यास सांगितले, तर राग मानू नये. मुलांसमोर जे बोलवत नाही, ते डॉक्टरांपाशी एकांतात बोलता येते.

सरकारी रुग्णालयांतील आयसीटीसी केंद्रांत ही तपासणी मोफत होते. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, एवढ्यावरून निदान ठरत नाही. वेगवेगळ्या तीन चाचण्यांनंतरच ते निश्चित होते. संसर्गाची शक्यता अलीकडची असेल, तर निगेटिव्ह निकालानंतरही तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी.

निदान झालेच, तर एआरटी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती नियमित घेतल्यास विषाणू रक्तात सापडेनासा होतो आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. मधुमेह, रक्तदाब यांच्या गोळ्या चालू असल्यास त्यांची यादी एआरटी केंद्रात अवश्य दाखवावी.

एकत्र जेवणे, अंघोळ घालणे, पाय चेपणे यांतून हा आजार पसरत नाही. रक्त वा जखम हाताळताना हातमोजे घालावेत. पण तो नियम प्रत्येक रुग्णासाठीच आहे. आजोबांचे ताट मात्र वेगळे काढू नका.

अधिक माहितीसाठी १०९७ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे.